रात्रपाळीत दिवसाची झोप कशी बसवायची: तयारीपासून दिवसपाळीत परतेपर्यंत

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्रा, चितेगावच्या कारखान्यांत दर आठवड्याला पाळी बदलणारे कामगार, दवाखान्यातल्या परिचारिका, रातराणीवर जाणारे एसटीचे चालक-वाहक आणि पंपाला रात्रीची लाईट असली की शेतातल्या आखाड्यावर मुक्कामाला जाणारे शेतकरी. सगळ्यांची तक्रार एकच: रात्रभर जागून अंग मोडून येतं, पण दिवसा पडलं की चार तासांच्या वर डोळा लागत नाही. मग चहा वाढतो, कुणी गोळी सुरू करतं, कुणी रविवारी दिवसभर झोपून उट्टं काढायला बघतं.

यातल्या बहुतेक चुका क्रमाच्या असतात. अंधार न करता गोळी घेतली जाते, चहाची वेळ न सांभाळता झोप येत नाही म्हणून त्रागा होतो. खाली दिलेला क्रम रात्री ११ ते सकाळी ७ अशी पाळी धरून लिहिला आहे. तुमची पाळी तासाभराने मागेपुढे असेल तर सगळ्या वेळा तेवढ्याच सरकवा. शेतातल्या रात्रीच्या पाण्याचं वेगळं आहे, ते शेवटी स्वतंत्र दिलं आहे.

आधी एवढं समजून घ्या, नाहीतर पायऱ्या पटणार नाहीत

झोप दोन गोष्टी मिळून ठरवतात. पहिली म्हणजे झोपेचा दाब. आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि झोपेत ते उतरतं. जितके तास जागे, तितका दाब जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर पेशींचे दोन बारीक पुंजके आहेत. तेच हे घड्याळ. त्याचा फेरा बहुतेकांत २४ तासांपेक्षा थोडा मोठा असतो, म्हणून ते रोज जुळवावं लागतं, आणि ते काम मुख्यतः उजेड करतो. डोळ्याच्या पडद्यावर यासाठी वेगळ्या पेशी आहेत. निळसर उजेडाला त्या सगळ्यात जास्त दाद देतात, आणि सकाळच्या आभाळात तोच उजेड भरपूर असतो.

आता सकाळी ८ वाजता काय होतं ते पाहा. दाब शिगेला पोचलेला असतो, त्यामुळे पडल्या पडल्या झोप लागते. पण घड्याळ म्हणतं, दिवस उगवलाय. चार तासांत दाब बराच उतरला की घड्याळाची सरशी होते आणि १२ वाजता टक्क जाग येते. यात तुमच्या मनाची कमजोरी कुठेच नाही. गाढ झोप सुरुवातीच्या तासांत जास्त येते, त्यामुळे ती बऱ्यापैकी मिळून जाते. तुटते ती पुढची हलकी झोप आणि स्वप्नांची झोप.

आणखी एक. रात्री झोपणाऱ्या माणसाच्या शरीराचं तापमान पहाटे ४ ते ५ च्या सुमारास सगळ्यात खाली जातं. त्या बिंदूच्या आधी डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ पुढच्या वेळेकडे ढकलतो, म्हणजे झोप उशिरा यायला लागते. त्यानंतरचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो. म्हणून पाळी सुटल्यावर सात वाजता तोंडावर येणारं ऊन रात्रपाळीवाल्याला सगळ्यात महाग पडतं.

पायरी १: सात दिवसांची नोंद

काहीही बदलण्याआधी एका वहीत सात दिवस या पाच गोष्टी लिहा:

- अंथरुणावर कधी पडलात
- कधी उठलात
- अंदाजे किती वेळ झोप लागली
- चहा-कॉफी किती वाजता घेतली
- दिवसभरात डुलकी कुठे आली

वेळ अंदाजानेच लिहा. झोपेत मध्येच घड्याळ बघायची सवय लागली तर जाग पक्की होते.

आठवड्याने २४ तासांतली एकूण झोप काढा, डुलक्या धरून. प्रौढ माणसाला ७ तास किंवा जास्त लागतात. आता बेरजेकडे असं बघा: अंथरुणावर ८ तास आणि झोप ४ तास असेल, तर दोष खोलीत, वेळेत किंवा चहात आहे. अंथरुणावरच जेमतेम ५ तास मिळत असतील, तर दोष घरातल्या कामांच्या वाटणीत आहे. पहिल्यासाठी पायरी २ आणि ५ महत्त्वाच्या, दुसऱ्यासाठी पायरी ३. हा फरक न पाहता उपाय केले की महिना वाया जातो.

पायरी २: खोली. अंधार, गारवा, शांतता, याच क्रमाने

*अंधार.* खिडकीच्या मापाचा पुठ्ठा कापून बाहेरच्या बाजूने अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवा. कडांना टेप मारा, दाराखालच्या फटीला गोणपाटाची गुंडाळी लावा. नुसता पडदा पुरत नाही, मराठवाड्यातलं ऊन पातळ कापडातून सरळ आत येतं. डोळ्यांवरची पट्टी चालते, पण जोड म्हणून. झोपेत ती सरकते.

> तपासून पाहा: दुपारी १२ वाजता खोली बंद करून पाच मिनिटं आत बसा, मग हात लांब करा. बोटं मोजता आली तर उजेड अजून आत येतोय. फट शोधा.

*गारवा.* झोप लागताना शरीर आतली उष्णता तळहात-तळपायांवाटे बाहेर टाकतं आणि आतलं तापमान थोडं खाली आणतं. भोवतालची हवाच तापलेली असली की हे काम अडतं. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर गेल्यावर पत्र्याच्या खोलीत दुपारची झोप होणं अवघड असतं, मग माणूस कितीही दमलेला असो. म्हणून खोलीची निवड आधी करा. तळमजल्याची, उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची खोली घ्या. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि स्लॅब संध्याकाळपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. म्हणूनच उन्हाळ्यात मुख्य झोप सकाळी ८ ते १ मध्ये उरकणं फायद्याचं असतं. सकाळी कामं आटोपून दुपारी २ ला पडणारे नेमकी सगळ्यात तापलेली वेळ निवडतात.

पत्र्यावर उन्हाळा लागण्याआधी चुन्याचा दाट पांढरा हात मारला, तर खालची खोली कमी तापते. पत्र्याच्या खाली हातभर अंतर सोडून कापडाचं छत ताणलं तर वरून येणारी धग आणखी थोपते.

आता कूलर. इथे हमखास चूक होते. अंधारासाठी सगळ्या खिडक्या गच्च बंद करून आत कूलर लावला जातो. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. ती दमट हवा बाहेर पडायला वाट नसेल, तर अर्ध्या तासात खोली चिकट होते, घाम सुकत नाही आणि जाग येते. कूलर बाहेरच्या खिडकीत बसवा आणि समोरच्या बाजूची एक खिडकी उघडी ठेवा. त्या खिडकीवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून, चारही बाजूंनी फूटभर मोठं जाड काळं कापड लटकवा. हवा कडेने निघून जाते आणि थेट उजेड आत येत नाही. पावसाळ्यात हवा आधीच दमट असते, तेव्हा कूलरचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवा.

> खबरदारी: कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा. तीन पिनांचा प्लग आणि चालू स्थितीतलं अर्थिंग नसेल तर तो कूलर वापरू नका. झोपेतून अर्धवट उठून, ओल्या हाताने कूलरला हात लावू नका.

*शांतता.* पंख्या-कूलरचा एकसारखा आवाज त्रास देत नाही, उलट बाहेरचे तुटक आवाज झाकतो. झोप मोडते ती अचानक येणाऱ्या आवाजाने: हॉर्न, कुकरची शिट्टी, दारावरची थाप. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे कानबोळे बारीक वळून कानात घाला आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नुसते वर ठेवले तर काहीच उपयोग होत नाही. फोन आवाज बंद करून लांब ठेवा, घरच्या एकाच नंबरला सूट द्या.

पायरी ३: घरात वाटणी ठरवा

ही पायरी बहुतेक जण सोडतात आणि तिथेच सगळं फसतं. पाळी सुरू व्हायच्या आदल्या रविवारी घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा: सकाळी ८ ते १ या वेळेत दार कोण उघडणार, मुलांना शाळेत कोण सोडणार, गॅसची टाकी कोण घेणार. छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस रात्रपाळीच्या आठवड्यात कधी येतोय ते आधी पाहा आणि त्या दिवशी पाणी कोण भरणार हे नाव घेऊन ठरवा.

रात्रपाळी करणाऱ्या बाईच्या बाबतीत हे दुप्पट जपायला हवं. ती सात वाजता घरी येते आणि डबे, धुणं, सासूबाईंचा चहा करून साडेदहाला पडते. तोवर घड्याळाचा जागं ठेवणारा जोर वाढलेला असतो आणि दोन-तीन तासांतच जाग येते. तिची झोप कामामुळे कापली जाते, निद्रानाशामुळे नाही, आणि कुठलीही गोळी ती परत देऊ शकत नाही. सकाळची कामं त्या आठवड्यापुरती घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पूर्णपणे घ्यायची. "हातभार लावू" यावर थांबू नका.

पायरी ४: पहिल्या रात्रीच्या आधीची झोप

सोमवारी सकाळी ६ ला उठलात आणि रात्री ११ ला पाळीवर गेलात, तर मशीन सुरू करतानाच १७ तास जागे झालेले असतात. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाचे हातडोळे जेवढे मंदावतात, तेवढे रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना मंदावतात. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. आणि इथून पुढे आठ तास काम करायचं असतं.

म्हणून पहिल्या दिवशी दुपारी झोपायलाच हवं. वेळ २ ते ४. या वेळेत घड्याळाचा जागं ठेवणारा जोर थोडा सैल पडतो. पूर्ण ९० मिनिटं मिळाली तर झोपेचा एक फेरा पूर्ण होतो.

नेहमीची चूक अशी की, "जेवून सातला पडतो, दहाला उठतो." रात्रीच्या नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास घड्याळ माणसाला सगळ्यात जोरात जागं ठेवतं. त्या वेळेला नुसतं कूस बदलणं होतं आणि झोप येत नाही ही भीती मनात बसते.

पायरी ५: रात्रीचे आठ तास

*उजेड.* रात्री ११ ते ३ भरपूर उजेडात राहा. ५ नंतर शक्य असेल तिथे प्रखर दिव्याखालून बाजूला व्हा. मशीनवर मात्र उजेड कमी करू नका, सुरक्षितता आधी.

*चहा.* चहा-कॉफीतलं कॅफिन अॅडिनोसिनला त्याच्या जागेवर बसू देत नाही. दाब उतरत नाही, फक्त जाणवत नाही. घेतलेल्यातलं निम्मं कॅफिन अंगातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्त. पहाटे ४ चा चहा सकाळी ९ ला निम्मा शिल्लक असतो. म्हणून ११, साडेबारा आणि २ असा तीनदा अर्धा-अर्धा कप घ्या आणि २ नंतर बंद. एकदम मोठा ग्लासभर घेण्यापेक्षा थोडा-थोडा घेतलेला जास्त टिकतो. पाळी सुटताना गेटवरच्या टपरीवर सगळ्यांबरोबर घेतलेला चहा दिवसाची झोप हमखास तोडतो. सोबत सोडायची नसेल तर दूध घ्या.

*डुलकी.* कामाच्या ठिकाणी परवानगी असेल तर २ च्या चहानंतर लगेच २० मिनिटं पडा. कॅफिनचा अंमल सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. गजर २० मिनिटांचाच लावा. ४०-५० मिनिटांनी उठलं तर गाढ झोपेतून ओढून काढल्यासारखं होतं.

> खबरदारी: डुलकीनंतर पहिली १५ ते ३० मिनिटं डोकं पूर्ण जागेवर नसतं. डोळे उघडे असतात, पण निर्णय चुकतो. त्या वेळात प्रेस, क्रेन, इंजेक्शनचे डोस, गाडीचं स्टेअरिंग यांना हात लावू नका.

*जेवण.* मुख्य जेवण रात्री ८ ते ९ मध्ये घरीच. मध्यरात्री लागलं तर फुटाणे-शेंगदाणे, केळ, ताक किंवा अर्धी भाकरी. पचनाच्या अवयवांनाही वेळापत्रक आहे. रात्री साखर हाताळायची शरीराची ताकद कमी असते, आणि ३ वाजता खाल्लेली मिरचीभजी आणि वडापाव सकाळी छातीत जळजळ करत झोप उडवतात. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर रात्रपाळीच्या आठवड्यातल्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. स्वतःच्या मनाने डोस पुढे-मागे करू नका.

*पहाटे ३ ते ५.* हे सगळ्यात धोक्याचे दोन तास. डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद झोपून जातो आणि माणसाला ते कळतही नाही. वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागणं, मान झटक्याने सावरणं, मोजणी चुकणं ही लक्षणं दिसली की उभ्याने करायचं काम घ्या. मोजमाप, औषधांची नोंद, विजेची जोडणी अशी कामं शक्य तर २ च्या आधी उरका किंवा दुसऱ्याकडून तपासून घ्या.

पायरी ६: घरी जाताना

ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. तीन सेकंदांची झोप म्हणजे ५० मीटर, आणि एवढ्या अंतरात गाडीवर कुणाचाच ताबा नसतो. मागचा एक किलोमीटर कसा आला ते आठवत नसेल, गाडी पट्टा सोडत असेल, पापण्या जड होत असतील, तर तिथेच रस्त्याच्या बाहेर सुरक्षित जागी थांबा आणि १५-२० मिनिटं झोपा. उठल्यावर लगेच किल्ली फिरवू नका, थोडं चाला. मोठ्याने गाणी लावणं, काच खाली करणं, तंबाखूचा बार भरणं यांपैकी कशानेही ही झोप थांबत नाही.

कंपनीची बस असेल तर तीच धरा. बसमध्ये टोपी आणि काळा चष्मा घाला, म्हणजे सकाळच्या उन्हाचा निरोप घड्याळापर्यंत कमी पोचतो. स्वतः गाडी चालवत असाल तर गडद चष्मा नको, स्पष्ट दिसणं जास्त महत्त्वाचं. मे-जूनमध्ये आपल्याकडे सहाच्या आतच सूर्य वर येतो, त्यामुळे उन्हाळ्यात ही काळजी जास्त घ्यावी लागते.

पायरी ७: दिवसाची झोप, दोन तुकड्यांत

१. साडेसातला घरी आलात की कोमट पाण्याने अंघोळ करा. गार पाण्याने बरं वाटतं, पण कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते.

२. अर्धी वाटी उपमा किंवा पोहे, एवढंच. उपाशी पडलं तर अकराला भुकेने जाग येते. फोन बघत खाऊ नका.

३. सव्वाआठपर्यंत अंथरुणावर. पहिला तुकडा सव्वाआठ ते एक. गजर लावायचाच तर एकचा लावा.

४. मध्येच जाग आली तर घड्याळ बघू नका. साधारण १५-२० मिनिटं गेल्यासारखी वाटली आणि झोप आली नाही, तर उठून दुसऱ्या मंद उजेडाच्या जागी शांत बसा. डोळे जड झाले की परत या. अंथरुणावर जागं पडून राहण्याची सवय लागली की मेंदू अंथरुणाचा संबंध जागरणाशीच जोडतो.

५. जेवण, घरचं काम, थोडं चालणं दुपारी. दुपारच्या उजेडाचा घड्याळावर फारसा परिणाम होत नाही.

६. दुसरा तुकडा साडेचार ते सहा. झोप लागली नाही तरी अंधारात डोळे मिटून पडा.

दोन्ही मिळून सहा तासांच्या आसपास जमले तर आठवडा निभतो.

> तपासून पाहा: तिसऱ्या दिवशी वहीतली बेरीज करा. एकूण झोप साडेपाचच्या खाली असेल, तर आधी शेवटचा चहा आणि खोलीतला उजेड तपासा. बरेच घोटाळे या दोन ठिकाणीच सापडतात.

आठवड्याने पाळी बदलणाऱ्यांनी शरीराचं घड्याळ पूर्ण उलटवायच्या मागे लागू नये. ते दिवसाला साधारण तासाभरानेच सरकतं. पूर्ण उलटेपर्यंत पाळी बदललेली असते. त्यांनी एकूण तास जमवण्याकडे लक्ष द्यावं. कायम रात्रीच काम करणाऱ्या वॉचमन किंवा डेटा सेंटरच्या माणसाचं वेगळं आहे. त्यांनी सुट्टीच्या दिवशीही पहाटे ३ ते सकाळी ११ अशी झोप ठेवावी, म्हणजे कामाच्या आणि सुट्टीच्या दिवसांत ८ ते ११ हे तास सामाईक राहतात आणि घड्याळाला धरायला एक खुंटा मिळतो. सुट्टीला रात्री १० ला झोपून पहाटे ५ ला उठणारे दर आठवड्याला नव्याने सगळं मोडतात.

पायरी ८: दिवसपाळीत परत येताना

शेवटच्या रात्रीनंतर "आता सुट्टी आहे" म्हणून दिवसभर झोपलं की रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही आणि सोमवारची सकाळ बिघडते. त्या दिवशी साडेआठ ते बारा एवढंच झोपा, गजर लावूनच. दुपारी बाहेर उजेडात राहा, २ नंतर चहा नको, डुलकी नको, रात्री १० ला झोपा. दाब साचलेला असतो, त्यामुळे झोप लागते. पुढचे दोन-तीन दिवस सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास उन्हात चाला. आता तेच ऊन कामाला येतं.

पाळ्यांचा क्रम ठरवण्यात तुमचं म्हणणं ऐकलं जात असेल, तर सकाळ, मग दुपार, मग रात्र असा मागा. घड्याळाचा फेरा २४ तासांहून मोठा असल्याने उशिराकडे सरकणं शरीराला सोपं जातं. रात्र, दुपार, सकाळ हा उलटा क्रम जास्त थकवतो.

छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं तर

पाळी बदलत असताना, विशेषतः सकाळी उताणं झोपल्यावर, काहींना असं होतं: जाग आलेली असते, खोली दिसते, पण हात-पाय हलत नाहीत, छातीवर दडपण येतं, कधी कुणी उभं असल्याचा भास होतो. बाहेरचं काही झालं म्हणून घरात भीती पसरते आणि अंगारे-धुपारे सुरू होतात.

घडतं ते असं. स्वप्नांच्या झोपेत मेंदू शरीराचे बहुतेक स्नायू सैल सोडून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नातल्या हालचाली खरोखर करत नाही. कधीकधी मेंदू जागा होतो, पण हा कुलूप काढण्याचा निरोप मागे राहतो, आणि स्वप्नाचे तुकडे उघड्या डोळ्यांसमोर चालू राहतात. श्वासाचा मुख्य पडदा त्या वेळीही काम करत असतो, त्यामुळे गुदमरून जीव जात नाही. काही सेकंद ते दोन-चार मिनिटांत ते आपोआप सुटतं. एक बोट हलवायचा प्रयत्न करा, श्वास मोजा. पुढे कुशीवर झोपा आणि एकूण झोप वाढवा. हे वारंवार होत असेल आणि हसताना किंवा चिडल्यावर गुडघे एकदम ढिले पडत असतील, तर मात्र मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा.

रात्रीच्या लाईटवर पाणी देणाऱ्यांसाठी

रब्बीत हरभरा-गव्हाला किंवा ऊस-हळदीला रात्री पाणी देताना झोप तासातासाला तुटते. पाण्याची दारं बदलायला दर तासाला उठणारा माणूस गाढ झोपेतून पुन्हा पुन्हा ओढला जातो आणि सकाळी न झोपलेल्या माणसाइतकाच ढिला असतो.

दोघे असाल तर तासातासाची वाटणी नको. एकाने १० ते २ सलग जागायचं, दुसऱ्याने २ ते ६. चार तास सलग मिळाले तर गाढ झोपेचा मोठा भाग पदरात पडतो. एकटे असाल तर दुपारी २ ते ४ झोपून या आणि रात्री डुलकीचे तुकडे २० मिनिटांचेच ठेवा. शेततळं किंवा हौद असेल तर रात्री तो भरून घेऊन दिवसा ठिबकवर सोडणं हा सगळ्यात चांगला मार्ग.

> खबरदारी: गजर झाल्याबरोबर उठून थेट स्टार्टरला हात लावू नका. निदान पंधरा मिनिटं बसा, तोंडावर पाणी मारा, हात पूर्ण कोरडे करा, पायात रबरी बूट घाला, बॅटरी लावून पायाखाली पाहा, मग स्टार्टरकडे जा. झोपेची गुंगी, ओले हात आणि थ्री-फेज वीज एकत्र येतात तिथे जीव जातो.

आखाड्यावर जमिनीवर पथारी टाकून झोपू नका. मण्यार रात्री फिरतो आणि खाली झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. दंश इतका बारीक असतो की अनेकदा झोपेत कळतच नाही, सूजही फारशी येत नाही. बाजेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिची कड चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या मिटताहेत, बोबडी वळतेय, गिळता येत नाही असं कुणाला झालं, तर ती झोपेची गुंगी समजून "पड थोडा वेळ" म्हणू नका. ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्या. प्रतिसर्पविष आणि श्वासाला आधार वेळेत मिळाला तर माणूस वाचतो.

गोळ्या आणि दारू

अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. त्यांनी घड्याळ सरकत नाही, काही दिवसांत सवय लागते आणि अंमल पुढच्या पाळीपर्यंत रेंगाळू शकतो. सर्दीच्या गोळ्यांनी आणि खोकल्याच्या औषधांनी येणारी गुंगीही तशीच. दारूने डोळा लवकर लागतो, पण अंमल उतरला की उरलेली झोप तुकड्या-तुकड्यांची होते आणि घोरणं वाढतं. दारू आणि झोपेची गोळी एकत्र घेतली तर श्वास मंदावून मृत्यू होऊ शकतो.

दवाखान्यात कधी जायचं

वरचं सगळं नीट करूनही महिन्याने फरक पडला नाही, तर जा. पुढच्या गोष्टींसाठी मात्र महिनाभर थांबू नका: मोठ्याने घोरणं आणि मध्ये श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहिलेलं असणं, सात तास झोपूनही बोलता-बोलता डुलकी लागणं, गाडीवर एकदा जरी डोळा लागलेला असणं, झोपेत हात-पाय झाडून शेजारच्याला मार बसणं, किंवा सतत उदास वाटणं आणि जगणं नकोसं होणं. या शेवटच्यासाठी १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मोफत बोलता येतं, मराठीतही.

जाताना पायरी १ ची वही सोबत घ्या आणि शक्य असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसालाही न्या. घोरणं आणि श्वास अडकणं झोपलेल्याला स्वतःला कळत नाही, डॉक्टरांना ते शेजारी झोपणाऱ्याकडूनच समजतं.